‘देवावर भरवसा ठेवा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

रोहिणी_सदर
आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेला, चार गुरुवारांसाठी विषय मिळालाय : संकटात देवावर भरवसा. दर वेळी पाऊण तास, बारा-पंधरा माणसं, नागपुरातल्या सदरमधलं एक घर, संध्याकाळी साडेसात. येणाऱ्यांत डायलिसिस चालू असलेल्या एका माणसाचं कुटुंब आहे, नोकरी गेलेले दोघे आहेत आणि नवरा जाऊन जेमतेम वर्ष झालेली एक बाई. यांच्यासमोर "विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल" एवढंच म्हणायचं तर पाच मिनिटं पुरे, उरलेली चाळीस मिनिटं चहा.
तर जाणकारांनी सांगा : कोणते उतारे घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने? वाचन सोडून लोकांकडून काय करून घ्यावं? आणि हमखास काय बिघडतं?

संत्रा_बर्फी
मे महिन्यात, नागपुरात, साडेसातला? भरवशाची परीक्षा तिथूनच सुरू होऊन राहिली ना ताई. आठ करा, भिंती जरा निवतील.

जुना_करार
पहिल्या गुरुवारी बायबलमधलं ईयोबाचं, निर्दोष माणसाच्या दुःखाचं, पुस्तक उघडू नका. सगळे तिथूनच सुरू करतात आणि ४२ अध्यायांत अडकतात. स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत आणि बांधणी अगदी उघडी आहे. पहिल्या दोन वचनांत "किती काळ?" हा प्रश्न चार वेळा, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. म्हणजे भरवसा आहे, पण तो रांगेत तिसरा उभा आहे. आपल्या मीटिंगांत त्याला ढकलून पहिला आणतात आणि तक्रारीला आत येऊच देत नाहीत.

करून असं घ्या. स्तोत्र दोनदा मोठ्याने वाचा, दोन वेगळ्या माणसांनी. मग कोरा कागद आणि दहा मिनिटं. कागदावर चार भाग : देवाला हाक (एक ओळ), तक्रार (हव्या तेवढ्या ओळी), मागणी (एकच, नेमकी), आणि शेवटी "तरीही" ने सुरू होणारं एक वाक्य. चौथा भाग सुचला नाही तर रिकामा ठेवायची मुभा आधीच जाहीर करा. नाहीतर लोक तिथे पाठ असलेलं वचन उतरवतात आणि सगळा कागद खोटा होतो.

मागणीबद्दल एक. "प्रभू, आशीर्वाद दे" ही मागणी नव्हे. "गुरुवारी किडनीचा, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आहे, तो ऐकायला बळ दे" ही मागणी. स्तोत्रकर्ते मोघम बोलत नाहीत.

कागद कोणी गोळा करायचे नाहीत, वाचून दाखवायचा आग्रह धरायचा नाही. घरी न्यायचे. हे पहिल्याच मिनिटाला सांगितलं नाही तर लोक शेजाऱ्यासाठी लिहितात, देवासाठी नाही.

हालेलूया_वाडी
जुना_करार भाऊ, आदर ठेवून असहमत. तक्रारीला एवढी मोकळीक दिली की मीटिंगचं रडगाणं होतं. रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली आणि एक अख्खी पिढी वचनदत्त देशात गेली नाही, गणना १४ वाचा. विश्वासणाऱ्याने अभिवचनं तोंडाने कबूल करावीत. यिर्मया २९:११ (माझ्या योजना तुमच्या हिताच्या आहेत, आशा देणाऱ्या), रोमकरांस ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून हिताचंच ठरतं). संकटात माणसाला आधी आशा लागते, कागद-पेन नाही.

जुना_करार
गणना १४ मध्ये लोक देवाबद्दल एकमेकांत बोलत आहेत आणि मिसरला परत जायला नवा पुढारी निवडू पाहत आहेत. स्तोत्रांत माणूस देवाशीच बोलतो आणि कुठेही निघून जात नाही. एकाच देवाला दिवसातून तीन वेळा "ऐकतोस की नाही?" विचारणारा माणूस अविश्वासी कसा? ज्याचा भरवसा संपतो तो बोलायचं थांबतो.

आता यिर्मया २९:११. कपावर, कॅलेंडरवर, दहावीच्या पेढ्यांच्या डब्यावर हेच वचन. जरा एक वचन मागे जा : ७० वर्षं. हे बाबेलात नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, भांडीकुंडीसकट. लोकांना आवडणारा संदेश तोच होता आणि तोच खोटा निघाला. खऱ्या संदेष्ट्याने सांगितलं : घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. ऐकणाऱ्यातल्या बऱ्याच जणांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. हे वचन जरूर घ्या, पण ५ ते १४ सलग वाचा. आशा तिथे आहेच, फक्त दोन वर्षांची हमी नाही.

माळकरी
मी वारकरी घरातला, आगंतुकपणा माफ करा. देवाशी कडाकडा भांडणं आमच्याकडे भक्तीतच मोजतात, त्यामुळे वरचा वाद मजेशीर वाटला. एक विचारतो : प्रार्थना करूनही माणूस बरा झाला नाही तर तुमच्यात दोष कोणाला देतात? त्याच्या विश्वासाला?

हालेलूया_वाडी
माळकरी दादा, काही ठिकाणी देतात, खोटं कशाला बोलू. ते चूक आहे. पण "देव बरं करतो" हे सांगायचंच नाही, हेही चूक. याकोब ५:१४ स्पष्ट आहे : आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी.

जुना_करार
माळकरी, तुमच्या प्रश्नाला प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ इतकं नेमकं उत्तर दुसरीकडे नाही. दुसऱ्या वचनात हेरोद राजा येशूचा शिष्य याकोब याला तलवारीने मारतो. सातव्या वचनात देवदूत पेत्राच्या बेड्या गळून पाडतो. राजा तोच, शहर तेच, मंडळी तीच, अध्यायही तोच. याकोबाचा विश्वास कमी पडला असं हे पुस्तक लिहिणारा लूक कुठेही लिहीत नाही, आणि पेत्राचा जास्त होता असंही नाही. तो तर झोपला होता! प्रार्थना करणाऱ्यांची गंमत बघायची तर पेत्र दारात उभा राहिल्यावर त्यांनाच खरं वाटेना. रोदा नावाची मुलगी सांगत होती, ते तिला वेडी म्हणत होते.

प्रेषित पौलाचंही पाहा. शरीरातल्या 'काट्यासाठी', म्हणजे सततच्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली, काटा राहिला. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारीच सोडलं, २ तीमथ्य ४:२०. ज्याच्या हातून लोक बरे झाले त्याचाच सहकारी आजारी राहिला, आणि पौल ते लपवत नाही.

नास्तिक_नागपुरी
बरा झाला तर देवाची कृपा, नाही झाला तर देवाची योजना. अशा खेळात देव हरूच शकत नाही ना भाऊ. "यामागे काहीतरी चांगलं असेल" हे लेकरू गमावलेल्या आईला सांगायची हिंमत होते तरी कशी?

जुना_करार
होऊ नये. आणि येशूनेही सांगितलेलं नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तेव्हा त्याने स्पष्ट म्हटलं की ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, लूक १३:४. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी "पाप कोणाचं, याचं की आईबापाचं?" विचारलं, त्याने दोन्ही पर्याय नाकारले. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेकडे जाताना तो रडला. पाच मिनिटांत त्याला उठवणार हे माहीत असूनही.

ईयोबात तर आणखी विचित्र प्रकार आहे. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय ठरलं ते वाचकाला कळतं, ईयोबाला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. ३८ ते ४१ या चार अध्यायांत देव बोलतो : पहाट, बर्फ, रानगाढव, शहामृग. कारणाचा एक शब्द नाही. आणि ४२:७ मध्ये देव रागावतो तो कारणं पुरवणाऱ्या अलीफजावर आणि त्याच्या दोन मित्रांवर. ओरडणाऱ्या ईयोबाबद्दल म्हणतो की हा माझ्याविषयी योग्य ते बोलला.

शेवटी ईयोबाला सगळं दुप्पट मिळालं असं उपदेशात सांगतात. मेंढरं ७,००० ची १४,००० झाली, उंट ३,००० चे ६,००० झाले, हे खरं. मुलं मात्र आधी सात आणि तीन, नंतरही सात आणि तीनच. गेलेली दहा परत आली नाहीत. मुलगा-मुलगी गमावलेलं कोणी समोर बसलेलं असेल तर "दुप्पट मिळालं" हा उपदेश करू नका.

नास्तिक_नागपुरी
एवढं मान्य. वाद इथे थांबवतो, तर्री पोहे थंड होऊन राहिले.

संत्रा_बर्फी
कुठले? पत्ता टाका, हा खरा उपयुक्त धागा होईल.

सेमिनरी_हिल
कॅथलिक बाजूने दोन गोष्टी. रोहिणीताईंच्या घरात जपमाळ चालणार नाही हे ठाऊक आहे, तरी रचना उपयोगी पडेल. मंगळवारी आणि शुक्रवारी जपमाळेत दुःखाची पाच रहस्यं, म्हणजे येशूच्या यातनांचे पाच प्रसंग, म्हणतात : गेथशेमाने बागेतली व्यथा, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, क्रूसावरचा मृत्यू. दुःखाला आठवड्यात ठरलेली जागा आहे, मूड असो नसो. संकटात माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा तयार शब्द लागतात. उत्स्फूर्त प्रार्थनेचा आग्रह धरणाऱ्या मंडळ्यांत नेमकी हीच गोची होते : दोन महिन्यांचं जागरण झालेल्या माणसाला तुम्ही "प्रार्थना करा" म्हणता आणि त्याला घशातून आवाज काढता येत नाही.

दुसरी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना. १४ स्थानं, त्यात येशू तीनदा पडतो : तिसरं, सातवं, नववं. पाचव्या स्थानावर शिमोन कुरेनेकर क्रूस उचलतो. देवाच्या पुत्राचाही भार दुसऱ्याने वाहिला, आणि तोही रस्त्यावरून धरून आणलेल्या माणसाने. मदत घ्यायला लाजणाऱ्या कुटुंबाला उपदेश करण्यापेक्षा हे एक दृश्य वाचून दाखवा. मार्क १५:२१, एकच वचन आहे.

आणि आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार फक्त मरणाच्या दारात असतो हा गैरसमज आमच्याकडेही आहे. फादर आले की घरचे रडायला लागतात. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी घेता येतो, प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही घेता येतो.

वॉर्ड_नंबर_बारा
दवाखान्याच्या बाजूने लिहितो, कारण "भरवसा" या शब्दाखाली सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

औषध बंद करणं म्हणजे विश्वास नव्हे. यशया ३८:२१ मध्ये हिज्कीया राजाला देवाचा निरोप मिळालाय की तू बरा होशील, तरी गळवावर अंजिरांचा लेप लावायचाच आहे. पौल तीमथ्याला पोटासाठी उपाय सांगतो, आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. घोळ प्रत्यक्षात असा होतो : क्षयरोगाचा साधा कोर्स सहा महिन्यांचा, दोन महिन्यांत ताप-खोकला जातो, भूक लागते, कोणीतरी 'देवाने बरं केलं' अशी साक्ष द्यायला उभं करतं आणि गोळ्या थांबतात. जंतू उरलेले असतात, ते औषधाला दाद न देणारे होऊन परत येतात. साक्ष द्या, गोळ्या चालू ठेवून द्या.

उपास-प्रार्थना. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरला न विचारता उपास केला तर साखर एकदम पडते : घाम, थरथर, बरळणं, मग बेशुद्धी. मीटिंगमध्ये "सगळ्यांनी उपास करायचा" असं सरसकट जाहीर करू नका. आजारी माणूस भिडेपोटी करतो.

डायलिसिसवाल्यांकडे जाताना आपण नागपूरकर काय नेतो? संत्री. दुसरा केळी नेतो, तिसरा नारळपाणी. तिन्हींत पोटॅशियम भरपूर, आणि निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. "कमी सोडियमचं मीठ" तर अजिबात नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. पाण्यावरही मर्यादा असते, म्हणून "घ्या हो थोडं सरबत" हा आग्रह नको. डब्यात काय चालेल ते त्या घराला विचारूनच करा.

मन खचलेल्या माणसाबद्दलही तेच. झोप उडालीय, जेवण सुटलंय, मरणाचं बोलतोय, तर प्रार्थना करा आणि सोबत नेऊन डॉक्टरला दाखवा. सरकारी टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, १ राजे १९. देवदूताने आधी उपदेश केला नाही : झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. होरेब डोंगरावर देवाचं बोलणं त्यानंतर चाळीस दिवसांनी.

हालेलूया_वाडी
औषध थांबवा असं मीही म्हणत नाही, सगळ्या हालेलूयावाल्यांना एका गाडीत बसवू नका 🙂 पण एलीयाचं पटलं.
माझा मुद्दा मात्र उरतोच. नुसता विलाप नको. यहोशाफाट राजाने सैन्यापुढे गाणारे उभे केले, २ इतिहास २०. पौल आणि सीला मध्यरात्री तुरुंगात गात होते, पाय खोड्यात. स्तुती हा उसना आनंद नाही, ती शिस्त आहे.

जुना_करार
२ इतिहास २० माझ्याही डोक्यात नव्हतं, उत्तम उतारा. बाराव्या वचनापासून घ्या : काय करावं हे आम्हाला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. स्तुतीच्या आधी "कळत नाही" ही कबुली आहे, राजाच्या तोंडून, बायका-पोरांसमोर. आपली भांडणं इथे मिटतात बहुतेक.

कस्तुरचंद
विषय निघालाच आहे तर नागपूरचं नागपूरला सांगतो. हिस्लॉप कॉलेजवरून रोज हजारो लोक जातात. स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास इथे आला, शाळा काढल्या, भूगर्भाचा अभ्यास केला, गोंडांची भाषा-गाणी टिपली. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटकडची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेला. वय ४५. देवाचं काम करणाऱ्याला देव नाल्यातून वाचवतोच, असा हिशेब इथे दीडशे वर्षांपूर्वीच चुकलाय. कॉलेज त्यानंतर, १८८३ मध्ये निघालं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य घ्या. दुष्काळात आई-वडील आणि बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. १८८३ मध्ये बाप्तिस्मा. पुढे सगळं गोड झालं का? १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, १९२२ मध्ये त्या स्वतः. मधल्या काळात १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई आपल्याच मध्य प्रांतात येऊन उपाशी मुली गोळा करून घेऊन गेली. भरवसा कसा दिसतो विचारलंत तर तो दुष्काळी छावण्यांत मुली शोधत फिरत होता.

संत्रा_बर्फी
आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच स्थापन झालं, हेही टाका. एवढी वेगवेगळी मंडळी एकत्र आली, भरवशाचा चमत्कारच.

सेमिनरी_हिल
एकत्र आली, पण खुर्च्या कोण लावणार यावर अजून कमिटी बसते.

मोहननगरची_मावशी
पोरांनो, उतारे छान निवडले. आता भेटीला जाण्याबद्दल कोणी बोललं नाही, ते मी सांगते.

दवाखान्यात दोघांनीच जायचं, फोन करून, दहा ते पंधरा मिनिटं. पलंगावर बसायचं नाही. केमो चालू असेल तर सर्दी असलेल्याने जायचंच नाही, फुलं न्यायची नाहीत. डायलिसिसच्या संध्याकाळी भेट नको, चार तास मशीनवर काढून माणूस गळून गेलेला असतो. प्रार्थना करू का, हे विचारायचं. नको म्हणाला तर हसून "बरं" म्हणायचं. प्रार्थना दोन मिनिटांची, बाजूच्या खाटेवरचं माणूसही झोपलेलं असतं. लांबलचक प्रार्थनेत आजाराचं वर्णन ऐकून रोग्याला आपला आजार नव्याने कळतो.

बोलायचं काय? ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि बिघडलं. "देव सहन होईल तेवढंच देतो" हे तर म्हणूच नका. १ करिंथ १०:१३ मोहात पडण्याबद्दल आहे, दुःखाच्या वजनाबद्दल नाही. तोच पौल २ करिंथ १:८ मध्ये म्हणतो की आमच्यावर शक्तीपलीकडचा भार आला, जगण्याचीही आशा सुटली.

"काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका, कोणी सांगत नाही. "बुधवारी डबा मी आणते, पोळ्या किती?" असं विचारा. एका वहीत सात वार, प्रत्येक वारापुढे एक घर आणि एकच काम : डबा, मुलांची शिकवणी, डायलिसिसला ने-आण, लाईट बिल. एका घराकडे दोन वार दिले की तिसऱ्या आठवड्यात ते घर थकतं.

विधवा बाईकडे पहिला महिना रांग लागते, तिसऱ्या महिन्यात दाराची बेल वाजत नाही. तेव्हा जा. तिच्यासोबत बँकेत जा, मृत्यूच्या दाखल्याच्या चार-सहा प्रती काढायला लावा, नॉमिनीचं, पेन्शनचं पाहा. पहिला नाताळ, लग्नाची तारीख, त्याचा वाढदिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि नोकरी गेलेल्याला दर गुरुवारी "लागली का?" विचारू नका. लागली की तोच पेढे आणतो.

वॉर्ड_नंबर_बारा
मावशींना सलाम. पैशाचं जोडतो. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत कायद्याने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. आपण होऊन कोणी सांगत नाही. भरती होतानाच समाजसेवा अधिकाऱ्याला गाठायचं, रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आल्यावर धावपळ केली की उशीर झालेला असतो. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतही समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना आधी भेटा.

मंडळीची मदतपेटी असेल तर मोजायला दोघं, वहीत नोंद, आणि पैसे थेट औषध दुकानात किंवा शाळेत भरायचे. हातउसने म्हणून देऊ नका. फेडता आले नाहीत की ते कुटुंब लाजेने रविवारी यायचं बंद होतं.

पेरियार_नव्हे_पेरणार
प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दलही लिहा कोणीतरी. लोकांचे सोनोग्राफीचे फोटो फिरून राहिले तिथे.

मोहननगरची_मावशी
रोग्याची परवानगी नसेल तर नाव आणि आजार दोन्ही टाकायचं नाही. "एका भगिनीच्या शुक्रवारच्या ऑपरेशनसाठी" एवढं पुरतं. देवाला नाव माहीत असतं. आणि बरं झाल्यावरही कळवा रे, मागणी टाकायला सगळे, निकाल टाकायला कोणी नाही.

रोहिणी_सदर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. वेळ आठ केली, संत्रा_बर्फी खूश. आराखडा असा बांधलाय :

पहिला गुरुवार, स्तोत्र १३, चार भागांचा कागद. गाणं एकच, सुरुवातीला.
दुसरा, ईयोब २:११-१३ आणि ४२:७, सोबत मावशींची भेटीची पद्धत. त्याच दिवशी सात वारांची वही भरून घ्यायची, मी रकाने आखून नेते.
तिसरा, १ राजे १९ आणि निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेलं अन्न. मान्ना नोकरीवाल्यांसाठी घेतेय : रोज माणशी एक ओमर (धान्य मोजायचं माप), उद्यासाठी ठेवला तर किडे, फक्त सहाव्या दिवशी दुप्पट. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर रोजची मागितली आहे, वर्षाची नाही. पुढच्या सात दिवसांचाच खर्च कागदावर मांडून बघायचा, असा विचार आहे.
चौथा, स्तोत्र ८८ आणि समारोप.

स्तोत्र ८८ बद्दल धाकधूक आहे. त्यात शेवटी उजेडच नाही.

जुना_करार
८८ शेवटच्या गुरुवारी नको. अठरा वचनं आणि शेवट अंधारावर. ते वाचून लोक घरी जातील आणि पुढचा गुरुवार नसेल. ज्याचं घर रिकामं आहे त्याच्यावर ते बसून राहील. तिसऱ्या गुरुवारी एलीयाबरोबर घ्या, मान्ना दुसऱ्यात सरकवा. ८८ मध्ये आधार एवढाच की हाक तीनदा मारली आहे : पहिल्या, नवव्या, तेराव्या वचनात. ती तीन वचनं तीन वेगळ्या माणसांना वाचायला द्या, बाकी तुम्ही वाचा. नंतर दोन मिनिटं शांतता, घड्याळ लावून. अंदाजे ठेवली तर कोणीतरी वीस सेकंदांत "हालेलूया" म्हणतं.

हालेलूया_वाडी
ते मला होतं का? 😄
चौथ्याला २ इतिहास २०:१२ पासून २२ पर्यंत घ्या ताई. आणि दानीएल ३:१७-१८ जोडा, आगीच्या भट्टीत टाकायला निघालेल्या राजाला तिघे सांगतात : आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने नाही सोडवलं तरीही. माझ्यासारख्यांना सतरावं वचन मिळेल, जुना_करार भाऊंना अठरावं.

रोहिणी_सदर
हे दोन्ही घेतले. मान्ना दुसऱ्यात, ८८ तिसऱ्यात, यहोशाफाट आणि दानीएल चौथ्यात. ८८ च्या रात्री जाताना प्रत्येकाला एकेका जोडीदाराचा नंबर देते, शनिवारी एकमेकांना फोन करायचा.

मोहननगरची_मावशी
जोड्या तू ठरव, लोकांवर सोडू नको, नाहीतर जावा-जावा जोडी करतात. आणि दोन नोकरीवाल्यांना एकत्र लावू नको. नाश्ता ठेवू नको, फक्त चहा. एका घराने आलुबोंडा केला की पुढच्या घराला दोन पदार्थ करावे लागतात, आणि डायलिसिसवाल्यांच्या घरी मीटिंग ठेवायची तर त्या बाईला ते ओझं होतं.

संत्रा_बर्फी
आलुबोंड्याला एवढा विरोध या धाग्यावर अपेक्षित नव्हता.